तिवरं लावायच्या आधी जमीन मोजा

दर पावसाळ्यात खाडीकाठच्या कुठल्या ना कुठल्या गावात कांदळवन लागवडीचा, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी तिवर, कांदळ अशी खारफुटीची झाडं लावण्याचा कार्यक्रम होतो. शाळेची मुलं येतात, गुडघाभर चिखलात ओळीने कांदळाच्या शेंगा खोचल्या जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन बघावं तर मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी नुसत्या वाळक्या काठ्या उभ्या असतात नाहीतर त्याही वाहून गेलेल्या असतात. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण ती जागा कुणी मोजलेली नसते. तिथे पाणी किती वेळा येतं, किती वेळ थांबतं, कुठून जातं, हे कुणी बघितलेलं नसतं, आणि खाडीत झाड जगणार की मरणार हे जवळजवळ पूर्णपणे त्यावरच ठरतं.

मी नकाशे आणि मोजणीच्या कामातला माणूस. गेली काही वर्षं जयगडच्या खाडीत, शास्त्री नदीच्या काठावरच्या एका गावात, एका फुटलेल्या खारीचं काम करतोय. ज्यांना खार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाडीच्या भरतीचं पाणी येणारी खाजणाची जमीन मातीचा बांध घालून अडवायची, बांधाला उघाडी ठेवायची, उघाडीचं झाप असं की सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आतलं पावसाचं पाणी बाहेर जाईल आणि भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप बंद होईल. कोकणातला तीन हजार मिलिमीटरचा पाऊस दरवर्षी मातीतलं मीठ धुऊन काढतो आणि मग तिथे भात होतो. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने निवडलेले काळा राता, भुरा राता हे भात याच जमिनींतले. पिढ्यान्‌पिढ्या ही व्यवस्था चालली कारण दरवर्षी गाव मिळून बांधाला माती घालत होतं. मग माणसं मुंबईला गेली, बांधाकडे बघायला कुणी उरलं नाही, आणि एका पावसाळ्यात मोठ्या उधाणाला खांड पडली ती कायमची. आमच्या खारीचीही हीच गोष्ट. आता तिथे अर्ध्या भागात तिवरं आलीत, अर्ध्या भागात काहीच नाही, नुसता पांढरट तडकलेला चिखल आणि मधे एक डबकं जे मे महिन्यात तांबूस होतं आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत येतो.

एकच खार, एकच खांड, पाणी तेच. मग अर्धी हिरवी आणि अर्धी मेलेली का? याच प्रश्नाने मला इथे अडकवून ठेवलंय.

उत्तर उंचीत आहे, आणि उंची म्हणजे किती, तर वीतभर. १९२८ साली मलायातल्या वॉटसन नावाच्या वनाधिकाऱ्याने खारफुटीच्या जमिनीचे पाच वर्ग पाडले होते, आणि ते पाडताना त्याने माती किंवा झाडं धरली नाहीत, महिन्यात किती वेळा पाणी चढतं ते धरलं. महिन्याला साधारण ५६ ते ६२ वेळा, म्हणजे प्रत्येक भरतीला बुडणारी जमीन पहिल्या वर्गात, आणि महिन्यातून दोनदाही न बुडणारी पाचव्यात. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं, त्यामुळे हे गणित इथेही तसंच्या तसं लागू पडतं, फक्त उंचीचे आकडे बदलतात. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पावणेपाच मीटरच्या पुढे जातं, दक्षिणेला येऊ तशी भरतीची झेप कमी होत जाते, आणि झेप जितकी कमी तितके हे पाचही वर्ग एकमेकांना चिकटून येतात. म्हणजे आमच्याकडे जमीन वीतभर खाली गेली की झाड रोज दोनदा बुडतं आणि वीतभर वर आली की भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरत्यांच्या, दिवसांत त्याला आठवडाभर पाणी दिसत नाही. कांदळाला एक चालतं, तिवराला दुसरं, आणि सगळ्यात खालच्या उघड्या चिखलात, जिथे लागवडीचे कार्यक्रम होतात कारण ती जागा मोकळी आणि कुणाच्या मालकीची नसते, तिथे बहुतेक काहीच टिकत नाही. ती जागा मोकळी आहे यालाच कारण आहे, तिथे निसर्गानेही झाड लावलेलं नाहीये, आणि तिथे कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचं पोट आहे, हे तर कुणी विचारातच घेत नाही.

फिलिपिन्समध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. कोट्यवधी रोपं लागली, पैसा ओतला गेला, आणि २००८ मध्ये तिथल्या संशोधकांनी हिशोब मांडला तेव्हा दीर्घकाळ जगलेली रोपं होती १० ते २० टक्के. मुख्य कारण हेच, चुकीच्या उंचीवर चुकीची जात. उलट फ्लोरिडात वेस्ट लेक पार्कला रॉबिन लुईस या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात वेगळंच केलं. शेजारच्या चांगल्या कांदळवनाची उंची मोजली, टाकलेल्या भरावाची माती काढून जमीन त्याच उंचीवर आणि त्याच उतारावर आणली, भरतीच्या वाटा मोकळ्या केल्या, आणि खारफुटीचं रोप लावलं नाही. बी पाण्याबरोबर आलं आणि काही वर्षांत खारफुटीच्या तिथल्या तिन्ही जाती आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची खार डोळ्यासमोर आली, कारण आमच्याकडे बियांची काहीच कमी नाहीये, पावसाळ्यात तिवराची फळं भरतीबरोबर अक्षरशः तवंगासारखी आत येतात.

आता वीतभर उंची मोजायची म्हणजे काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की सॅटेलाइट आहे, गुगल आहे, सगळं कळतं. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने अकरा दिवस फिरून जगाची उंची रडारने मोजली, एसआरटीएम म्हणतात तिला, फुकट मिळते, आणि डोंगरदऱ्यांसाठी ती खरंच उपयोगी आहे. पण तिची कागदावरची हमी १६ मीटरपर्यंतच्या चुकीची आहे, तिचा एक चौकोन ३० मीटरचा आहे, आणि रडारला तिवराच्या शेंड्याखालचा चिखल दिसत नाही. त्या नकाशात आमचा बांधच नाही. दोन-अडीच मीटर रुंदीचा बांध ३० मीटरच्या चौकोनात विरून जातो, आणि बांध नाही तर खार नाही, सगळी सपाट खाडी. अशा नकाशावर पाणी सोडून काढलेली पुराची आणि समुद्र वाढण्याची चित्रं मी पाहिली आहेत आणि त्यावर निर्णय होतात याची मला मनापासून काळजी वाटते.

ड्रोन बरा, पण त्यालाही मर्यादा आहेत. ओल्या चिखलावर ऊन चमकतं आणि दोन फोटोंमध्ये समान खूण सापडत नाही, आणि झाडीखाली ड्रोनला झाडीच दिसते. त्यात जीपीएसची कच्ची उंची कोकण किनाऱ्यावर उणे साठ मीटरच्याही खाली येते, कारण जीपीएस ज्या काल्पनिक अंडगोलापासून मोजतो तो आणि खरी समुद्रपातळी यांत इथे एवढं अंतर आहे. ते दुरुस्त केलं तरी भरतीच्या तक्त्याचं शून्य वेगळं आणि बेंचमार्कचं, म्हणजे उंची ठरवून ठेवलेल्या पक्क्या खुणेचं, शून्य वेगळं. तक्त्याचं शून्य म्हणजे जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी, बेंचमार्कचं शून्य म्हणजे समुद्राची सरासरी पातळी, मुंबईत या दोन शून्यांमधला फरक अडीच मीटरच्या घरात आहे. जिथे वीतभरावर जीवनमरण आहे तिथे हे दोन आकडे गळ्यात गळा घालून वापरले की संपलंच.

म्हणून शेवटी चिखलात उतरावंच लागतं. आम्ही पुलाच्या कठड्यावरच्या बेंचमार्कवरून लेव्हल आणली, बांधावर पक्के खुंट मारले आणि तिथून ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावून ओळी टाकत गेलो. चिखलात स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, धरायचा म्हणजे तो आपल्याच वजनाने आत जातो, म्हणून त्याच्या बुडाला एक चौकोनी लाकडी फळी बसवली, आणि धरणारा फळीपासून जितका लांब उभा राहील तितकं चांगलं, कारण त्याच्या पायाने चिखल दबतो आणि फळीही बोटभर खाली जाते. तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांच्या मधे फळी बसत नाही, तिथे बोटाने चाचपून खरी माती कुठे सुरू होते ते बघायचं. कुर्ल्यांच्या बिळांच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचे ढीग असतात, त्यावर स्टाफ ठेवायचा नाही आणि बिळातही नाही. सुकतीला आत शिरायचं आणि भरतीच्या आधी बाहेर यायचं, त्यामुळे कामाचं वेळापत्रक पंचांगावर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, आणि खाडीत जितकं आत जाऊ तितका थोडा उशीर धरायचा.

पाण्यासाठी सेन्सर लावले, पीव्हीसी पाइपमध्ये दाब मोजणारे. पण सेन्सर महाग, म्हणून बाकीच्या जागी पारदर्शक नळीत कॉर्कचा भुसा घालून त्या उभ्या केल्या, पाणी चढतं, भुसा तरंगतो, पाणी उतरलं की सगळ्यात वरच्या पातळीला भुशाची रेघ चिकटून राहते. साधी गोष्ट आहे पण या रेघांनी मला महागड्या यंत्रांइतकंच शिकवलं.

आणि तात्या. वय ऐंशीच्या पुढे, खारीत त्यांचं स्वतःचं भात होतं. पहिल्या दिवशी ते बांधावर उभे राहून म्हणाले, "आठमीला पानी हितं येत नाय. पुनवेला येतंय, पन त्या वरच्या कोपऱ्यात गेलं ना की मग बाहेर नाय येत, तिथंच ऱ्हातंय." मी म्हटलं, "तात्या, का राहतं पण?" तर म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, मशीन तुमच्याकडं हाय." मी त्यांची प्रत्येक खूण लिहून घेतली. कुठल्या माडापर्यंत श्रावणातल्या अमावास्येला पाणी येतं, कुठल्या दगडावर कालवं कुठवर चिकटतात, जुनी उघाडी नेमकी कुठे होती. नंतर त्या माडाच्या बुंध्याची लेव्हल घेतली आणि सेन्सरच्या उधाणाच्या आकड्याशी लावली, फरक चार बोटांचा होता. मी याला माहिती म्हणतो, आठवणी म्हणून बाजूला ठेवायची ही गोष्ट नाही.

मग मॉडेल, म्हणजे मोजलेल्या जमिनीवर संगणकात पाणी सोडून बघायचं. हेकरास (HEC-RAS) म्हणून अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, द्विमितीय पाणी चालवतं, आणि त्याचा मला सगळ्यात आवडणारा गुण हा की हिशोबाचा चौकोन मोठा ठेवला तरी त्याच्या पोटातली बारीक उंची ते लक्षात ठेवतं. पण चौकोनाची कड बांधाच्या माथ्यावर आणून ठेवावी लागते, हाताने, नाहीतर पाणी कागदावर बांधातून आरपार जातं. उघाडी म्हणजे झापाचा पाइप म्हणून वेगळी द्यावी लागते. श्वासमुळं पाण्याला किती अडवतात त्याचा खरखरीतपणा द्यावा लागतो, आणि तो आकडा पुस्तकातून उचलून चालत नाही, भुशाच्या रेघांशी जुळेपर्यंत बसवावा लागतो. पावसाळ्याचं तर आणखी वेगळं. सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरचा, पाऊस तासाभरात पऱ्यातून, ओढ्यातून खाली येतो, आणि तेव्हाच भरती असेल तर त्याला जायला जागा नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, अतिवृष्टी आणि भरती एका वेळी. खारीत तेच लहान प्रमाणात दर वर्षी होतं. त्यामुळे कोकणातल्या कुठल्याही खारीचं मॉडेल फक्त समुद्राच्या बाजूने चालवून भागत नाही.

मॉडेलमध्ये वरच्या कोपऱ्यातलं पाणी सुकतीला व्यवस्थित बाहेर जात होतं. नळीतली रेघ आणि तात्या म्हणत होते जात नाही. मॉडेलपेक्षा तात्यांवर विश्वास ठेवून आम्ही तो कोपरा पुन्हा चाललो, सोबत कुर्ल्या पकडणाऱ्या दोघी जणी होत्या, त्यांना आतली प्रत्येक वाट ठाऊक. मारांडीच्या काटेरी जाळीत शिरल्यावर त्यातल्या एकीने पायाने चाचपून दाखवलं, इथे माती उंच आहे. खरंच होती. कधीतरी फार पूर्वी आतला नाला उपसला असणार आणि निघालेला गाळ नाल्याच्याच काठाने टाकला असणार, त्याची लांबच लांब वरंबी, वीतभर उंच, वर मारांडी माजलेली, ड्रोनला दिसणं शक्यच नव्हतं. ती ओळ लेव्हलने मोजून मॉडेलमध्ये घातली, आणि पाणी थांबलं. नेमकं तिथेच जिथे डबकं आहे. उधाणाला पाणी वरंबीवरून आत जातं, सुकतीला त्यातलं वरचं निघतं, खालचं राहतं, मग भांगाचे दिवस येतात, नवं पाणी येत नाही, ऊन लागतं, मीठ वाढत जातं. तिवराचं फळ आलं तरी तरंगत राहतं नाहीतर कुजतं, कारण त्याला मूळ धरायला काही दिवस उघडी जमीन लागते आणि ती मिळतच नाही. पांढऱ्या तडकलेल्या भागाचं उलट, तो वीतभर वर आहे, तिथे फक्त मोठ्या उधाणाला पाणी पोचतं आणि मीठ ठेवून जातं.

वरंबीला तीन ठिकाणी, जुन्या नाल्याच्या वळणांवर, दोन हात रुंदीच्या चरी पाडल्या तर मॉडेलमध्ये डबकं दोन सुकत्यांत रिकामं होतं. तीन चरी, फावड्याचं काम, जेसीबी नको, रोपं नकोत, नर्सरी नको. ही वळणं कुठे होती ते साठच्या दशकातल्या कोरोना नावाच्या अमेरिकन हेरगिरी उपग्रहाच्या फोटोत सापडलं, ते फोटो १९९५ मध्ये खुले झाले आणि बऱ्याच खाड्यांचे त्यात बघायला मिळतात, ज्यांना असं काम करायचंय त्यांनी जरूर शोधावेत. चर कुठेही पाडून चालत नाही, पाणी स्वतः जिथून जायचं तिथेच पाडावी, मग भरती-सुकती ती वाट उघडी ठेवते.

चरींचं ठीक आहे. अवघड आहे तो मुख्य बांधाचा प्रश्न. खांड आणखी रुंद केली तर मॉडेल म्हणतं जवळजवळ सगळी खार कांदळवनाच्या उंचीच्या पाण्यात येते. हे खरं की बांधलेली जमीन वर्षानुवर्षं गाळ न मिळाल्याने आणि सुकून दबल्याने बाहेरच्या कांदळवनापेक्षा खाली गेलेली असते, त्यामुळे सुरुवातीला उघडा चिखलच दिसेल आणि गाळ बसायला वेळ लागेल. पण तिथे लोकांचे सातबारे आहेत. ज्यांच्या शेतात न विचारता तिवरं उगवली त्यांना आता ती तोडताही येत नाहीत, २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खारफुटीला हात लावता येत नाही, आणि तो आदेश नसता तर या किनाऱ्यावर काय उरलं असतं याची कल्पना करवत नाही. तरीही ज्याचं भात गेलं त्याचं दुःख खोटं ठरत नाही. मला स्वतःला वाटतं की फुटलेल्या, सोडून दिलेल्या खारी पाण्याला परत द्याव्यात आणि ज्या कसल्या जातात त्यांचे बांध नीट राखायला सरकारने पैसा द्यावा, आणि कुठली खार कुठल्या बाजूची हे गावाने नकाशा समोर ठेवून ठरवावं. पण असं ठरवायला नकाशात बांध तरी दिसला पाहिजे.

गावच्या बैठकीत मी मॉडेलचं चित्र पडद्यावर दाखवलं, पाणी कसं पसरतं, कसं उतरतं. सगळे बघत होते. मग मागून एका वहिनींनी विचारलं, "आणि आमची विहीर खारट झाली तर?" त्यांची विहीर खारीच्या वरच्या कडेला आहे, चार घरं त्यावर पाणी भरतात. त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तो होता. माझं मॉडेल जमिनीवरचं पाणी चालवतं, जमिनीखालचं नाही, आणि जांभ्याच्या भेगांतून खारं पाणी कसं सरकेल हे त्या चित्रात कुठेच नाही. मी तसं सरळ सांगितलं.

त्यावर ठरलं ते असं. खारीच्या कडेच्या सगळ्या विहिरींचा खारटपणा दर पुनवेला आणि अमावास्येला मीटरने मोजायचा, वही वहिनींकडेच राहणार, वर्षभराचा पावसाळा-उन्हाळा त्यात आला पाहिजे. चरींचा अर्ज आधी करायचा, कारण त्याने विहिरींकडे येणारं पाणी वाढत नाही, उलट साचलेलं कमी होतं. मुख्य बांधाचा विषय वहीतले आकडे बघून काढायचा, आणि काढलाच तर वरच्या अंगाचा मधला जुना बांध आधी दोन हात उंच करून त्याला नवी उघाडी बसवायची, म्हणजे कसणाऱ्यांची शेतं आणि विहिरी त्याच्या आत राहतील. मधल्या बांधाची लेव्हल पुढच्या सुकतीच्या दिवसांत घ्यायची आहे.